ग्रंथालयाचे संगणकीकरण विद्यार्थ्यांकडून : खर्च किती धरावा?

नव्या शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमात समाजसहभाग आणि क्षेत्रीय प्रकल्पांना श्रेयांक आहेत. त्यामुळे संगणकशास्त्राचे विद्यार्थी गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयाचे संगणकीकरण अभ्यासक्रमाचा भाग म्हणून करू शकतात. कार्यवाहांनी ही संधी जरूर घ्यावी. मात्र विद्यार्थ्यांचे श्रम विनामूल्य असले, तरी यंत्रणेला पैसे लागतात आणि ते दरवर्षी लागतात. आधी दुसऱ्या वर्षाची तरतूद करा, मगच होकार द्या.

आधी तासांचा हिशेब

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार प्रत्यक्ष कामाच्या एका श्रेयांकासाठी सत्रात साधारण ३० तास धरतात. दोन श्रेयांकांसाठी चार विद्यार्थ्यांच्या गटाचे २४० तास होतात. एका पुस्तकाच्या नोंदीला तीन मिनिटे धरली, तर १०,००० पुस्तकांना ५०० तास लागतील. म्हणजे सगळी नोंदणी त्यांच्यावर टाकली, तर काम अर्धवट राहील आणि मुले संगणकशास्त्र शिकणारही नाहीत.

नोंदणी ग्रंथालयाचे कर्मचारी आणि स्वयंसेवक यांनी करावी. सर्वाधिक वाचली जाणारी ३,००० पुस्तके आधी घ्या. त्याला १५० तास पुरतात. विद्यार्थ्यांना त्यांच्या विद्येचे काम द्या : जुन्या फॉन्टमधल्या मराठी याद्या युनिकोडमध्ये आणणे, दुबार नोंदी शोधणे, बारकोड आणि बॅकअपची व्यवस्था लावणे, ग्रंथपालांना शिकवणे.

पहिल्या वर्षाचा खर्च (अंदाजे)

- कोहा सॉफ्टवेअर आणि लिनक्स : परवाना शुल्क नाही. कोहा हे मुक्त सॉफ्टवेअर न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासासाठी तयार झाले आणि २००० पासून वापरात आहे.
- चांगल्या स्थितीतला जुना संगणक : १५ ते २० हजार रुपये
- यूपीएस : ३ ते ४ हजार
- बारकोड स्कॅनर : दीड ते ३ हजार
- ५,००० लेबले : अडीच ते ४ हजार
- बॅकअपसाठी बाहेरची हार्ड डिस्क : ४ ते ५ हजार
- विद्यार्थ्यांचा प्रवास (चौघे, आठ फेऱ्या, प्रत्येकी १०० रुपये) : ३,२०० रुपये

एकूण २९ ते ३९ हजार. कामाजोगा संगणक आधीच असेल, तर १४ ते १९ हजारांत भागते. प्रवासखर्च टाळू नका. ज्या मुलाला एसटीचे भाडे जड जाते, तोही या कामात पूर्ण उतरला पाहिजे.

पुढे दरवर्षी

यंत्रणा ग्रंथालयातल्याच संगणकावर चालवली, तर तंत्रज्ञाच्या दोन भेटी आणि नवी लेबले मिळून ३ ते ४ हजार रुपये धरा. यादी इंटरनेटवर टाकायची असेल, तर डोमेनचे सुमारे हजार रुपये आणि भाड्याच्या सर्व्हरचे १० ते १८ हजार रुपये वाढतात. पहिल्या वर्षी हा खर्च करू नका. यंत्रणा रुळली, वाचकांकडून मागणी आली की मग विचार करा.

महाविद्यालयाला काय विचाराल?

सत्र संपल्यावर बिघाड झाला तर कोण येणार? अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘एपिक्स’ उपक्रमात विद्यार्थी स्थानिक संस्थांसाठी अभियांत्रिकी आणि संगणकाची कामे करतात. तिथे एकच प्रकल्प अनेक सत्रे चालतो. जुने विद्यार्थी गेले, तरी गट टिकतो. आपल्याकडेही पुढच्या तुकडीने काम हाती घेण्याचे लेखी आश्वासन मार्गदर्शक प्राध्यापकांकडून घ्या.

कागदावर असायलाच हव्यात अशा गोष्टी

1. सगळे पासवर्ड कार्यवाहांच्या ताब्यात राहतील.
2. सभासदांचे पत्ते आणि फोन क्रमांक कोणी पेन ड्राइव्हवर घेऊन जाणार नाही. चाचणीसाठी बनावट नावे वापरली जातील. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ चा कायदा आहे.
3. वापराची पुस्तिका मराठीत मिळेल.
4. सत्राचे शेवटचे दोन आठवडे फक्त प्रशिक्षणासाठी असतील.
5. दाखल नोंदवही बंद होणार नाही. देवघेवीची हाताने होणारी नोंदही तीन महिने चालू राहील.

केव्हा थांबावे?

आठवड्यातून दोन तास विद्यार्थ्यांसोबत बसायला ग्रंथालयातले कोणी मोकळे नसेल, तर प्रकल्प पुढच्या सत्रावर ढकला. विद्यार्थ्यांना खरे प्रश्न ग्रंथपालांकडूनच कळतात. माणूस मिळाला की कार्यकारी मंडळाच्या बैठकीत दोन्ही वर्षांच्या खर्चाचा एकत्र ठराव करा आणि त्याची प्रत करारासोबत महाविद्यालयाला द्या.