परळचा आमदार : डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे मतदार

आमच्या शाळेतील कोणत्याही विद्यार्थ्यास विचारले, तर चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची तारीख तो तत्काळ सांगेल. राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष कोण होते, हेही सांगेल. परंतु बाबासाहेब हे एके काळी भायखळा-परळ भागाचे निवडून आलेले आमदार होते, एवढे सांगणारा क्वचितच भेटतो. ज्या शाळेतील निम्म्याहून अधिक पालक नायगाव, डिलाईल रोड, काळाचौकी, परळ या वस्त्यांतून येतात, त्या शाळेच्या स्मरणिकेत या विषयाचा एक पाठ असावा, असे आम्हांस वाटले. लोकप्रतिनिधीने कायदेमंडळात काय केले हे मतदारांना कसे कळावे, आणि कळल्यावाचून काय अडते, हा या पाठाचा गाभा आहे.

प्रथम बाबासाहेबांच्या आधीचे एक उदाहरण घेऊ. दादर पश्चिमेस एस. के. बोले मार्ग आहे. त्यावरून आपण शेकडो वेळा गेलो असू. रावबहादूर सीताराम केशव बोले हे मुंबई कायदेकौन्सिलचे सभासद. 4 ऑगस्ट 1923 रोजी त्यांचा ठराव कौन्सिलने संमत केला : सरकारी पैशाने बांधलेली वा चालविलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, दवाखाने ही स्थाने अस्पृश्य मानलेल्या वर्गास खुली असावीत. पुढील महिन्यात सरकारने त्यानुसार खात्यांना आदेशही दिले. 1924 मध्ये महाड नगरपालिकेने आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. कागद पूर्ण झाला, पण तळ्यावर पाण्याला कोणी गेले नाही, कारण जाऊ दिले जाणार नव्हते. बोले यांनाही हे दिसत होते. म्हणूनच 5 ऑगस्ट 1926 रोजी त्यांनी दुसरा ठराव आणला : जी नगरपालिका वा लोकल बोर्ड पहिला ठराव अमलात आणणार नाही, तिचे अनुदान रोखावे. त्यानंतर मार्च 1927 मध्ये महाडची परिषद भरली आणि लोक तळ्यावर गेले. महाडचा सत्याग्रह ज्या कायदेशीर हक्काच्या बजावणीसाठी झाला, तो हक्क दादरच्या एका लोकप्रतिनिधीच्या ठरावातून आलेला होता. पाठ्यपुस्तकात हा दुवा एका ओळीत उरकला जातो, हे आम्हांस नेहमीच खटकत आले आहे.

1926 अखेर गव्हर्नरांनी बाबासाहेबांना आणि डॉ. पु. गो. सोळंकी यांना कौन्सिलवर नियुक्त केले. 18 फेब्रुवारी 1927 रोजी बाबासाहेबांनी शपथ घेतली आणि आठवड्याच्या आत अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. 12 मार्च 1927 चे त्यांचे शिक्षण अनुदानावरील भाषण आमच्या मते प्रत्येक शिक्षकाने वाचावे. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ अठरा चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोचतात, असे त्यांनी सभागृहाला दाखवून दिले. सरकार दरडोई शिक्षणावर चौदा आणे खर्च करते आणि दारूवरील अबकारी करातून दरडोई दोन रुपयांहून अधिक मिळविते, हा हिशेबही मांडला. त्या भाषणात अलंकार फारसे नाहीत, आकडे आहेत. ऐकणाऱ्याला आपल्या गल्लीतील शाळा आणि गल्लीतील गुत्ता यांचा ताळेबंद डोळ्यांपुढे दिसावा, अशी ती मांडणी आहे.

नियुक्त सभासदाला मतदारसंघ नसतो, त्यामुळे तो कोणाला उत्तर देण्यास बांधलेला नसतो. तरीही बाबासाहेबांनी उत्तरदायित्वाची रीत त्याच काळात घालून दिली. बहिष्कृत हितकारिणी सभेचे कार्यालय परळच्या दामोदर हॉलमध्ये होते. 3 एप्रिल 1927 पासून 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक सुरू झाले. महार वतनाचे विधेयक त्यांनी कौन्सिलमध्ये 19 मार्च 1928 रोजी मांडले, पण वतन म्हणजे काय, ते सोडण्यात लाभ कोणता, याचे विवेचन त्या पाक्षिकातून 1927 मध्येच वाचकांपुढे ठेवले होते. ज्यांच्यासाठी कायदा करावयाचा, त्यांच्याच मनात वतनाविषयी ओढ होती. जमिनीचा तुकडा, बलुते आणि गावातील एक स्थान सोडवत नव्हते. 1874 च्या वतन कायद्याने मात्र त्या तुकड्याच्या बदल्यात महाराला सरकारी कामासाठी अहोरात्र बांधून ठेवले होते. विधेयकाचा आशय असा : बलुत्याऐवजी रोख कर बसवावा, कामे नियमाने निश्चित करावीत, आणि ज्यास सेवा नको त्याने पूर्ण सारा भरून जमीन राखावी. विधेयक निवड समितीत गेले, तेथे त्याची धार गेली, आणि 24 जुलै 1929 रोजी बाबासाहेबांनी ते मागे घेतले. अपयश म्हणावे तर ते अपयशच होय. ते आम्ही विद्यार्थ्यांपासून लपवीत नाही. मोडके विधेयक पदरी पाडून घेऊन विजयाची सभा भरविण्यापेक्षा ते मागे घेणे अधिक प्रामाणिक होते, असे आमचे मत आहे.

याच वर्षांत वसतिगृहांचा प्रश्न पुढे आला. सभेने 1925 मध्ये सोलापूरला वसतिगृह काढले होते. 1928 मध्ये बाबासाहेबांनी त्यासाठी स्वतंत्र शिक्षणसंस्था स्थापन केली, आणि माध्यमिक शाळेतील दलित विद्यार्थ्यांकरिता पनवेल, ठाणे, नाशिक, पुणे आणि धारवाड अशी पाच वसतिगृहे सरकारी मंजुरीने तिच्याकडे आली. अनुदान पुरत नसे. उरलेला खर्च वर्गणीतून भागवावा लागे. त्याच साली डॉ. सोळंकी यांच्या कौन्सिलमधील ठरावावरून स्टार्ट समिती नेमली गेली. बाबासाहेब तिचे सभासद होते. मार्च 1930 च्या अहवालात शिष्यवृत्त्या व वसतिगृहे वाढविण्याची आणि या कामी स्वतंत्र अधिकारी नेमण्याची शिफारस झाली. पुढे मागासवर्ग खाते निर्माण झाले. आज आपण ज्याला समाजकल्याण खाते म्हणतो, त्याची ही पूर्वपीठिका. आपल्या शाळेच्या भोजनगृहात ताट घेऊन बसणाऱ्या मुलाचा संबंध असा थेट सभागृहातील एका ठरावाशी पोहोचतो.

गिरणी कामगार स्त्रियांसाठीच्या प्रसूती लाभ विधेयकाला 28 जुलै 1928 रोजी बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. कायदा 1929 मध्ये झाला. लालबाग-परळच्या किती आजींना त्याचा लाभ झाला असेल, याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

आता 1937 कडे येऊ. 1936 मध्ये स्थापन झालेल्या स्वतंत्र मजूर पक्षाने सतरा उमेदवार उभे केले, त्यांपैकी बहुतेक निवडून आले. भायखळा-परळमध्ये राखीव जागेवर बाबासाहेब होते. त्यांच्याविरुद्ध काँग्रेसने नामवंत क्रिकेटपटू पालवणकर बाळू यांना उभे केले होते. बाळू हे स्वतः चर्मकार समाजातून आलेले, गोलंदाजीने जग जिंकलेले, लोकांना प्रिय. बाबासाहेब सुमारे दोन हजार मतांनी विजयी झाले. सर्वांना मताधिकार नसलेल्या त्या काळात हा फरक फार मोठा नव्हे. आपला मतदार गृहीत धरता येत नाही, याची जाणीव त्या आकड्यातच आहे.

आणि मग या परळच्या आमदाराने 17 सप्टेंबर 1937 रोजी कोणते विधेयक मांडले? खोती नष्ट करण्याचे. वर्गात हा प्रश्न हमखास येतो : गिरणगावचा प्रतिनिधी रत्नागिरीच्या खोतांमागे का लागला? उत्तर चाळीच्या खोलीत होते. गिरणीत राबणारा कामगार बहुधा कोकणातील कुळ होता. पगारातला पैसा मनिऑर्डरने गावी जाई आणि खोताच्या देण्यात मुरे. परळच्या मतदाराचे हित परळच्या हद्दीत संपत नव्हते. 10 जानेवारी 1938 रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईतील कौन्सिल हॉलवर गेला. ती इमारत रिगल चित्रपटगृहासमोर आजही उभी आहे. तेथे आता राज्य पोलिसांचे मुख्यालय आहे. सहलीत मुलांना ती अवश्य दाखवावी.

त्याच वर्षी औद्योगिक तंट्यांचे विधेयक आले. सक्तीची तडजोड आणि तोवर संपाला बंदी, असा त्याचा रोख होता. बाबासाहेबांनी सभागृहात ते कलमागून कलम तपासून विरोध केला. संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचाच हक्क, ही त्यांची भूमिका होती. बहुमतापुढे विरोध टिकला नाही. तेव्हा तोच विषय परळच्या कामगार मैदानावर आणला गेला, आणि 7 नोव्हेंबर 1938 रोजी कम्युनिस्टांसह एक दिवसाचा संप झाला. कायद्याची इंग्रजी कलमे मैदानात मराठीत समजावून सांगितली गेली. हे काम त्या संपाइतकेच मोलाचे होते, असे आम्ही मानतो.

आजच्या दिवसांत आमदारांचे 'कार्यअहवाल' गुळगुळीत कागदावर घरोघरी येतात. त्यांत उद्घाटनांची छायाचित्रे पुष्कळ असतात. विधानसभेत कोणता प्रश्न विचारला, कोणत्या विधेयकावर कोणते मत दिले, हे शोधावे लागते. पालकांचे प्रश्न मात्र अगदी नेमके असतात. बीडीडी चाळींचेच पाहा. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून 207 इमारती. 160 चौरस फुटांच्या खोलीऐवजी पुनर्विकासात 500 चौरस फुटांचे घर मिळावयाचे. पात्रतेसाठी कोणता पुरावा, वडिलांच्या नावची खोली मुलाच्या नावावर कशी, संक्रमण शिबिर कोठे, हे सारे चाळीच्या नाक्यावर ऐकीव गोष्टींतून कळते. तसेच शिष्यवृत्तीचे. 1990 मध्ये केंद्राने बौद्धांचा अनुसूचित जातींच्या आदेशात समावेश केला. तरीही जातीच्या दाखल्यावर धर्माची नोंद कशी असावी, या घोळात आजही पालक तहसील कचेरीच्या फेऱ्या मारतात आणि अर्जाची मुदत निघून जाते. 2016-17 पासूनची स्वाधार योजना शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्याला राहण्या-जेवण्याचा खर्च देते. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी काहींना तिचे नावही ठाऊक नव्हते. कायदा आहे, पैसा आहे, पण मधला माणूस नाही. माजी विद्यार्थी संघाने दर जूनमध्ये दोन रविवार शाळेत अर्ज भरण्यासाठी बसावे, अशी आमची सूचना आहे. आपल्या आमदारासही त्या दिवशी बोलवावे, भाषणासाठी नव्हे, प्रश्नोत्तरांसाठी.

राहता राहिले वतन आणि खोती. खोती 1949 च्या कायद्याने गेली. महार वतन 1958 च्या कनिष्ठ ग्राम वतने नष्ट करणाऱ्या कायद्याने गेले, म्हणजे बाबासाहेबांच्या विधेयकानंतर तीस वर्षांनी, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर. त्या कायद्याने ठरावीक रक्कम भरल्यावर जमिनी पूर्वीच्या वतनदारांना परत दिल्या, परंतु जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय त्या विकता येत नाहीत. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग 2' अशी नोंद असते ती यामुळेच. ज्या कुटुंबांची गावाकडे अशी जमीन आहे, त्यांनी कोणत्याही दलालाच्या कागदावर सही करण्यापूर्वी ती नोंद पाहावी. बाबासाहेबांची कायदेमंडळातील भाषणे शासनाने 1982 मध्ये प्रकाशित केलेल्या इंग्रजी ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडात एकत्र मिळतात. वतन विधेयकावरील चर्चाही त्यातच आहे.