निळ्या फुल्या

सांगली, १४ जून

चि. मुक्ता,

तुझं बेथेस्डाला जायचं पक्कं झाल्याचं वहिनींकडून कळलं. आनंद झालाच. पण फोन ठेवता ठेवता वहिनी म्हणाल्या, "भावोजी, तापावर संशोधन करायला अमेरिकेला कशाला जायचं? ताप काय इथे कमी आहेत?" मी तेव्हा हसलो, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्याकडे ताप इतके आहेत म्हणूनच तू जावंस. मलेरिया, डेंग्यू, टायफॉइड आणि टीबी या चौघांनी ओपीडी अशी भरून टाकली आहे की पाचवा कुणी दाराशी उभा असला तरी त्याला कुणी आत बोलवत नाही. मीही बोलावला नव्हता. ती गोष्ट तुला कधी सांगितली नाही, ती आधी सांगतो.

साल १९८८. जत भागातला अकरा वर्षांचा मुलगा. दर पाच-सहा आठवड्यांनी सणसणून ताप, पोट दुखून गडाबडा लोळायचा, कधी एक गुडघा सुजायचा. तीन दिवसांत सगळं साफ, चौथ्या दिवशी पोरगं विटीदांडू खेळायला मोकळं. माझ्याकडे येण्याआधी कुणीतरी अपेंडिक्स काढलं होतं. मी कागद पाहिले, टायफॉइडसाठी विडाल केली, छातीचा फोटो काढला. काहीच सापडलं नाही, म्हणून नऊ महिन्यांचा टीबीचा कोर्स लिहून दिला. त्या काळी सापडलं नाही की टीबी, हा आमचा खाक्या होता. त्याच्या आईने पिशवीतून कालनिर्णयाची फाडलेली पानं काढून माझ्यापुढे धरली. तारखांवर निळ्या पेनाने फुल्या मारलेल्या होत्या. मला वाटलं, दुधाचे खाडे. मी पानं बाजूला सारली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

ते दुधाचे खाडे नव्हते, हे मला किती वर्षांनी उमगलं ते विचारू नकोस.

तू ज्या आजारांत शिरते आहेस त्यांची पहिली खोड हीच. पेशंट दवाखान्यात पोचतो तेव्हा ताप गेलेला असतो. पोट मऊ, सांधा मोकळा, बहुतेक वेळा रक्तातली सूज दाखवणारी सीआरपीसुद्धा जागेवर. पाहायला, चाचपायला काहीच हाती लागत नाही. असतं ते फक्त त्याचं सांगणं. आपल्याला शिकवलेलं असतं की पेशंट सांगतो ती तक्रार आणि आपण पाहतो ते चिन्ह, आणि खरं मानायचं ते चिन्ह. इथे तो हिशेब उलटा करावा लागतो. न पाहिलेल्या तापावर विश्वास ठेवायला शीक. वर्षानुवर्षं "काही नाही, मनाचं आहे", "शाळेला दांडी मारायची नाटकं" असं ऐकून ही माणसं तुझ्यापुढे येतील, तेव्हा पहिली दहा मिनिटं कागदाला हातही लावू नकोस. मग आईला विचार, तापाच्या तारखांची वही आहे का.

यातल्या सगळ्यांत जुन्या ओळखीच्या तापाचं, फॅमिलियल मेडिटेरेनियन फीव्हरचं, चरित्र तू वाचलेलंच असशील. तरी त्यातल्या दोन-तीन जागा मला तुझ्याबरोबर पुन्हा वाचायच्या आहेत. १९४५ साली न्यूयॉर्कच्या सिगल यांनी त्याचं पहिलं नीट वर्णन केलं आणि नावातच 'बिनाइन' हा शब्द घातला. झटका येतो, जातो, माणूस पुन्हा ठणठणीत, म्हणून निरुपद्रवी. पुढे दिसलं की झटक्यांबरोबर रक्तात वाढणारं एक प्रथिन अमायलॉइड होऊन मूत्रपिंडात साचतं आणि माणसं ऐन उमेदीत जातात. आजाराला निरुपद्रवी म्हणायची घाई डॉक्टरला फार असते, कारण दुखतं दुसऱ्याचं.

मग १९७२. बोस्टनच्या गोल्डफिंगर यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल'ला छोटंसं पत्र लिहिलं, की गाउटसाठी वापरतात ते कोल्चिसिन रोज दिलं तर झटके थांबतात. त्याच वर्षी तुर्कस्तानात ओझ्कान यांनाही वेगळ्या वाटेने तेच दिसलं. मोजक्या पेशंटांवरचं निरीक्षण, पण ते कुणीतरी लिहून काढलं. दोन वर्षांत तू जाते आहेस त्याच संस्थेत चाचणी झाली. पेशंट किती? अकरा. खरं औषध नि खोटी गोळी आलटून पालटून, कुठली कोणती हे ना डॉक्टरला ठाऊक ना पेशंटला. खोट्या गोळीवर ३८ झटके आले, कोल्चिसिनवर सात. अकरा माणसांत प्रश्न निकाली निघाला, कारण प्रश्न नेमका विचारला होता आणि प्रत्येक जण स्वतःच्याच तापाशी ताडून पाहिला जात होता. हल्ली हजारो माणसांची नावं घालून धूसर उत्तरं आणणारे निबंध पाहिले की मला हे अकरा जण आठवतात. दुर्मीळ आजारात माणसं कमीच मिळणार, त्याची लाज वाटून घेऊ नकोस.

हे कोल्चिसिन आपल्याला परकं नाही बरं का. पावसाळ्यात आंबा घाटात कुंपणाला लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं लागतात, ती कळलावी. तू लहानपणी तोडायला धावलीस आणि माझा धपाटा खाल्लास, ते याच कोल्चिसिनपायी. तिच्या कंदात आणि बियांत ते भरलेलं असतं. तमिळनाडूत बियांसाठी तिची शेती करतात. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर थोडं, म्हणून गोळीचा हिशेब पेशंटला दोनदा सांगत जा.

आणि गोळी घेतली जाते की नाही हे विचारत जा. इस्राएलमधल्या झेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०७० पेशंटांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली आणि १९८६ साली छापली. सुरुवातीला लघवीत प्रथिन नसलेले ९६० जण होते. त्यांतल्या ५४ जणांनी गोळ्या नियमित घेत नसल्याचं कबूल केलं, त्यांपैकी १६ जणांच्या लघवीत प्रथिन आलं. नियमाने घेणारे नऊशेच्या वर, त्यांत चार. मला या आकड्यांत कबुलीचं कौतुक वाटतं. ५४ माणसांनी डॉक्टरला खरं सांगितलं. तुझा पेशंट तुला खरं सांगेल असं तुझं बोलणं असायला हवं. रागावणाऱ्या डॉक्टरच्या नोंदवहीत सगळे पेशंट गोळ्या वेळेवरच घेतात.

जीनचं वेड तुला आहे, मला ठाऊक आहे. ते असावं. कास्टनर १९८५ मध्ये बेथेस्डाच्या त्याच संस्थेत फेलो म्हणून आले आणि थोड्याच महिन्यांत त्यांच्यापुढे एक आर्मेनियन पेशंट बसला, मधून मधून ताप आणि सुजणारा गुडघा घेऊन. त्या एका गुडघ्यामागे ते इस्राएलातल्या कुटुंबांचं रक्त गोळा करत हिंडले. १९९२ मध्ये सोळाव्या गुणसूत्रापर्यंत या तापाच्या जीनचा माग लागला. जीन हाती लागला १९९७ मध्ये, आणि त्याच वेळी फ्रेंच गटालाही लागला. एकाने त्या प्रथिनाला पायरिन म्हटलं, दुसऱ्याने मारेनोस्ट्रिन. बारा वर्षं. तुझी फेलोशिप तीन वर्षांची आहे, म्हणून लिहिलं.

जीन सापडल्यावरही पेशंट सुटत नाही, हे लक्षात ठेव. १९९९ मध्ये 'ऑटोइन्फ्लमेटरी' हा शब्द आला. शरीर स्वतःविरुद्ध प्रतिपिंडं तयार करत नाही, जन्मजात संरक्षणाची भट्टीच विनाकारण पेटते. त्या भट्टीचा धूर म्हणजे इंटरल्युकिन-१. ते वेगळं काढणारे डिनारेलो हे त्या अकरा जणांची चाचणी घेणाऱ्यांतलेच. ताप मोजणारा माणूस पुढे ताप आणणारा रेणू शोधतो, ही वाट मला फार आवडते. त्याच रेणूला अडवून गोल्डबाख-मान्स्की यांनी २००६ मध्ये याच वर्गातल्या एका आजाराच्या १८ पेशंटांचे जन्मापासूनचे चट्टे तीन दिवसांत घालवले. पण अशी औषधं आपल्याकडच्या बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर आहेत. तिथे शिकताना हे डोक्यातून जाऊ देऊ नकोस.

कधी कधी वाट जीनकडून माणसाकडे उलटीही येते. २०२० मध्ये २५६० जणांच्या साठवलेल्या नोंदी चाळून एकाच जीनमधला बिघाड असलेले पुरुष शोधले गेले, आणि अखेर २५ जणांचा वेक्सास हा नवा आजार उभा राहिला. वेगवेगळ्या डॉक्टरांनी त्यांना वेगवेगळी नावं दिली होती. निदान न झालेल्यांच्या फायली कुणीतरी नीट सांभाळल्या होत्या, म्हणून हे जमलं. न कळलेल्या पेशंटचे कागद सगळ्यांत वरच्या कप्प्यात ठेवावेत, असं माझं मत आहे.

वंशावळ काढताना जरा आपलेपणाने विचार. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न म्हणजे कौतुक, तिथे लोक कानकोंडे होतात. इथेही "नात्यात लग्न झालंय का" या प्रश्नात दोष दिल्याचा सूर आला की आई गप्प होते आणि आजी उत्तर देते. आजीलाच विचारावं. एन्झाइम कमी पडून ताप आणि कोवळ्या वयात पक्षाघात आणणारा डाडा-टू हा आजार २०१४ मध्ये कळला. जॉर्जियाच्या ज्यूंमध्ये सापडलेला त्यातला बदल आपल्याकडे अगरवाल कुटुंबांतही आढळला. समाजाचं नाव विचारणं आपल्याला टोचतं, पण इथे त्याने निदान लवकर होतं. फक्त त्या नावावर डाग लागणार नाही असं लिहायचं. तसं पाहिलं तर अशा बदलांचा कधी काळी उपयोगही होत असावा. पायरिनमधल्या बदलाने प्लेगच्या जंतूपुढे टिकाव लागत होता, असं २०२० मध्ये दाखवलं गेलं. १८९७ चं पुणं ऐकत वाढलेल्या माणसाला यावर थोडं थांबावंसं वाटतं.

शेवटी काम सांगतो. पाकिटात कालनिर्णयाच्या अकरा पानांच्या झेरॉक्स आहेत. त्या बाई पानं माझ्या टेबलावर विसरून गेल्या, नंतर ते लोक आले नाहीत. मी गावी माणूस पाठवला तेव्हा कुटुंब ऊसतोडीला गेलं होतं, पुढे पत्ता लागला नाही. नाव असलेला कोपरा मी कापला आहे. फुल्या मोजून बघ, अंतर पस्तीस ते बेचाळीस दिवसांचं पडतं. पहिल्या आठवड्यात नको, तिथली माणसं ओळखीची झाली की कुणा जाणत्याला दाखव आणि ते काय म्हणतात ते मला कळव.

तुझा,
अण्णाकाका