नांव आणि दायित्व

सुतार, लोहार, वैद्य हीं नांवें उच्चारतांच त्या त्या मनुष्याचें काम आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु संगणकाकरितां आज्ञावली लिहिणाऱ्यास काय म्हणावें, हा प्रश्न अद्यापि पुरता सुटलेला नाहीं. कोणी स्वतःस प्रोग्रामर म्हणवितो, कोणी डेव्हलपर, तर कोणी सॉफ्टवेअर इंजिनिअर. काम बहुधा एकच. मग नांवाचा एवढा आग्रह कां?

‘कॉम्प्युटर’ हा शब्द पूर्वीं यंत्रास नव्हे, तर आंकडेमोड करणाऱ्या माणसांस लावीत. अमेरिकेंतील एनिॲक या यंत्रावर गणितें मांडण्याकरितां १९४५ सालीं निवडलेल्या सहा स्त्रिया अशाच ‘कॉम्प्युटर’ होत्या. पुढें तें नांव यंत्रानें घेतलें, आणि माणसांस दुसरें शोधावें लागलें. हॉलंडमधील एड्सगर डाइकस्ट्रा यांनीं १९५७ सालीं आपल्या विवाहाच्या नोंदींत ‘प्रोग्रामर’ असा व्यवसाय लिहिला; परंतु असा व्यवसायच नाहीं, म्हणून ॲमस्टरडॅमच्या अधिकाऱ्यांनीं तो स्वीकारला नाहीं. अखेर तेथें ‘सैद्धान्तिक पदार्थवैज्ञानिक’ असें लिहावें लागलें.

ज्यास नांव नाहीं, त्यास मानही नाहीं. अपोलो चांद्रयानाच्या आज्ञावलीचें काम पाहणाऱ्या मार्गारेट हॅमिल्टन आपल्या कामास ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ म्हणूं लागल्या, त्या यंत्रें घडविणाऱ्यांइतकाच आदर आज्ञावली घडविणाऱ्यांसही मिळावा म्हणून. १९६८ सालीं जर्मनींतील गार्मिश येथें भरलेल्या परिषदेसही हेंच नांव दिलें होतें. मोठ्या आज्ञावल्या वेळेवर पुऱ्या होत नसत, त्यांत दोष राहत. तेव्हां पूल बांधणाऱ्याची शिस्त या कामांतही यावी, हा त्यामागील हेतु.

परंतु मानाबरोबर दायित्वही येतें. कॅनडांत सामान्यतः परवान्यावांचून ‘इंजिनिअर’ म्हणवून घेण्यास कायद्याची मनाई आहे; कारण पूल कोसळल्यास जाब देणारा कोणी तरी असावा लागतो. आल्बर्टा प्रांतानें मात्र २०२३ सालीं ‘सॉफ्टवेअर इंजिनिअर’ या नांवापुरती ती अट काढली.

डाइकस्ट्रा यांस १९७२ चें ट्यूरिंग पारितोषिक मिळालें, तेव्हां त्यांस एखादें भारदस्त नांव सहज घेतां आलें असतें. त्यांनीं आपल्या व्याख्यानास ‘नम्र प्रोग्रामर’ असा मथळा दिला. हें काम अत्यंत कठीण असून मनुष्याची बुद्धि मर्यादित आहे, ही जाणीव ठेवूनच तें करावें, असें त्यांचें सांगणें होतें. सरकारदरबारीं नाकारलेलाच शब्द त्यांनीं असा अंगीकारिला.

मुलांनो, पुढें कोणताही व्यवसाय पत्करा. परंतु आपणांस काय म्हणवून घ्यावयाचें हें ठरविण्यापूर्वीं, चुकल्यास त्या नांवानें जाब देण्याची आपली तयारी आहे काय, हें स्वतःस अवश्य विचारा.