मनगटावर क्रूस गोंदवावा का?

प्रश्न : मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे. मनगटावर क्रूस गोंदवायचा आहे. आई म्हणते, बायबलमध्ये मनाई आहे. खरं काय?

उत्तर : मनाई लेवीय १९:२८ मध्ये आहे. त्याच वचनात मृतांसाठी अंगावर जखमा करून घेण्यालाही बंदी आहे. रोख त्या काळच्या परक्या प्रथांवर असल्याचे अनेक अभ्यासक मानतात. नव्या करारात गोंदण्याला थेट मनाई नाही. इजिप्तचे कॉप्टिक ख्रिस्ती तर पिढ्यान्‌पिढ्या मनगटावर क्रूस गोंदवतात. मात्र १ करिंथ ६:१९ नुसार शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे. म्हणून हौस की श्रद्धा, हे आधी ठरवा, आईशी बोला. गोंदवायचेच ठरले, तर सुई नवी, निर्जंतुक असल्याची खात्री करा. त्यानंतर वर्षभर रक्तदान करता येणार नाही.