छिद्र पडलं, दाब राहिला

“लेसर झालंय ना तुझं? मग अजून थेंब कशाला घालतेस?” हा प्रश्न मला वहिनी विचारते, शेजारीण विचारते, योगवर्गातल्या मैत्रिणीही विचारतात. माझ्या डोळ्यांचे कोन अरुंद आहेत. लेसरआधी उजव्या डोळ्याचा दाब २६ आणि डाव्याचा २८ होता. लेसरनंतर दोन्ही २३-२४ वर येऊन थांबले आणि आता थेंबांवर ते १६-१७ राहतात. असंच काही ज्यांच्या वाट्याला आलं आहे, त्यांना डॉक्टरांकडे जाताना सोबत असावं म्हणून हे लिहिते आहे.

१. लेसर एकच अडथळा काढतं.

डोळ्याच्या आत पाण्यासारखा द्रव सतत तयार होत असतो. आयरिसच्या, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याच्या, मागे तो तयार होतो, बाहुलीतून पुढे येतो आणि आयरिस व कॉर्निया जिथे मिळतात त्या कोनातल्या बारीक जाळीतून झिरपून रक्तात जातो. माझ्यासारख्या डोळ्यांत मुळात जागा कमी. द्रव बाहुलीपाशी अडतो, आयरिसला मागून फुगवतो आणि फुगलेला आयरिस जाळीवर येऊन टेकतो. लेसरनं आयरिसच्या कडेला अगदी बारीक छिद्र पाडतात. द्रवाला दुसरी वाट मिळते, आयरिस मागे सरकतो. मोरीच्या तोंडावर अडकलेलं फडकं उचलावं, तसं हे. पण ते फडकं वर्षानुवर्षं तिथेच पडून असेल आणि जाळीत गाळ बसला असेल, तर फडकं उचलूनही पाणी सावकाशच जातं. कुठे कुठे आयरिस जाळीला कायमचा चिकटलेलाही असतो, आणि तो भाग छिद्रानं सुटत नाही.

माझे डॉक्टर लेसरच्या आधीच म्हणाले होते, “ताई, अचानक दाब चढण्याचा धोका यानं बराच कमी होईल. रोजचा दाब किती उतरतो, ते नंतर बघू.” हे प्रत्येक पेशंटला आधी सांगितलं गेलं पाहिजे, असं मला फार वाटतं. ज्यांनी ते ऐकलेलं नसतं ती माणसं लेसर झालं की फाइल कपाटात ठेवून देतात.

२. “मला काही त्रास नाही” यावर विसंबू नये.

डोळ्याचा दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा असतो. माझा २८ होता तेव्हा डोळा दुखत नव्हता, लाल नव्हता, मी सुईत दोरा ओवत होते. डाव्या डोळ्याच्या फील्ड टेस्टमध्ये नाकाकडच्या बाजूला नजर थोडी कमी झालेली दिसली. ती उणीव मला स्वतःला आजही जाणवत नाही, कारण दुसरा डोळा ती भरून काढतो. काचबिंदूनं, म्हणजे दाबामुळे डोळ्याच्या नसेला होणाऱ्या इजेनं, गेलेली नजर परत येत नाही. आणि हा दाब बीपीच्या मशीनवर कळत नाही. बीपी अगदी उत्तम असलेल्या माणसाचाही डोळ्याचा दाब जास्त असू शकतो.

३. कोन पाहायला सांगावं.

हवेचा झोत मारून दाब मोजला म्हणजे तपासणी झाली, असं नाही. गोनिओस्कोपीत डोळा बधिर करून आरसा असलेली छोटी लेन्स डोळ्यावर टेकवतात आणि कोन प्रत्यक्ष बघतात. दुखत नाही, पापण्यांना थोडं चिकट वाटतं इतकंच. लेसरनंतर ही तपासणी पुन्हा व्हायलाच हवी. छिद्र खुलं असूनही काहींचा कोन बंद राहतो, कारण त्यांच्या आयरिसची ठेवणच तशी असते. डॉक्टर त्याला प्लॅटो आयरिस म्हणतात आणि त्याचा इलाज वेगळा. दाब दिवसभरात वरखाली होतो, म्हणून मी वहीत आकड्याशेजारी वेळही लिहिते.

४. थेंब घालणं ही शिकायची गोष्ट आहे.

खालची पापणी ओढून झालेल्या खोबणीत एकच थेंब. बाटलीचं टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटानं दोन मिनिटं हलकेच दाबून धरायचा, म्हणजे औषध नाकात उतरून रक्तात कमी जातं. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये निदान पाच मिनिटं जाऊ द्यायची, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन टाकतो. मी रात्री लॅटॅनोप्रॉस्ट घालते. त्यानं पापण्यांचे केस लांब होतात आणि डोळ्यांभोवतीची कातडी थोडी काळवंडते. कोणतं औषध कुणाला चालेल, हे घरगुती सल्ल्यानं ठरत नाही. टिमोलॉल कित्येकांना छान लागू पडतं, पण दम्याच्या माणसाला ते धोक्याचं आहे. म्हणून दमा, हृदयाचे मंद ठोके, मूतखडा, सल्फाची ॲलर्जी असं जे काही असेल ते डोळ्याच्या डॉक्टरांना सांगायचं. तिथे ‘याचा डोळ्याशी काय संबंध’ असं मनात आणू नये.

५. प्रत्येक उलटी पित्ताची नसते.

आपल्याकडे अर्धं डोकं दुखलं, मळमळलं, उलटी झाली की ‘पित्त झालं’ म्हणून अंधाऱ्या खोलीत पडून राहायची रीत आहे. कोन अचानक बंद झाला तरी हीच लक्षणं दिसतात. सोबत एक डोळा लाल, नजर धूसर आणि दिव्याभोवती रंगीत वलयं दिसत असतील, तर कोकम सरबत आणि बाम बाजूला ठेवून त्याच रात्री डोळ्याच्या डॉक्टरांकडे पोहोचायला हवं. अशा वेळी अंधारात तर मुळीच पडून राहू नये. अंधारात बाहुली मोठी होते आणि कोन आणखी आवळतो. लेसर झालेल्यांना हा धोका फार कमी असतो, पण घरातल्या सगळ्यांना ही लक्षणं माहीत असावीत. हे मी माझ्या माणसांना बसवून समजावलं आहे.

६. औषधाच्या दुकानात तोंड उघडावं.

सर्दीच्या गोळ्या, प्रवासात उलटी होऊ नये म्हणून घ्यायच्या काही गोळ्या, नैराश्यावरची काही जुनी औषधं, लघवीच्या घाईवरची काही औषधं बाहुली मोठी करून अरुंद कोन बंद पाडू शकतात. छिद्र खुलं आणि कोन उघडलेला असेल तर यातलं बरंचसं चालतं, पण ते डॉक्टरांनी सांगावं. अर्धशिशीवर देतात ते टोपिरामेट मात्र वेगळ्याच वाटेनं दाब चढवतं, तिथे लेसरचं छिद्र उपयोगी पडत नाही. आणि डोळा चुरचुरतो म्हणून चिठ्ठीशिवाय आणलेले स्टेरॉइडचे थेंब! त्यांनी कित्येकांचा दाब महिनोन्महिने गुपचूप वाढत राहतो. ते असे सहज विकले जातात याचा मला मनापासून संताप येतो.

७. शीर्षासन आणि उषःपान.

शीर्षासनात डोळ्याचा दाब जवळपास दुप्पट होतो, हे भारतातल्याच योगसाधकांवर मोजलेलं आहे. मी ते सोडलं, सर्वांगासनही सोडलं. एका दमात तांब्याभर पाणी पिण्यानंही दाब काही वेळ चढतो. लिटरभर पाणी पाजून दाब बघण्याची एक चाचणीच आहे. पाणी भरपूर प्यावं, पण थोडं थोडं. चालणं चांगलंच.

८. लेन्सचाही विचार होतो.

वयाबरोबर डोळ्यातली लेन्स जाड होते आणि आयरिसला पुढे ढकलते. २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ‘ईगल’ नावाचा अभ्यास आला. कोन बंद होऊन काचबिंदू झालेले किंवा दाब ३० वर गेलेले, पन्नाशीपुढचे आणि मोतीबिंदू नसलेले ४१९ रुग्ण त्यात होते. निम्म्यांना लेसर केलं, निम्म्यांची लेन्स काढून कृत्रिम बसवली. तीन वर्षांत लेन्स बदललेल्यांपैकी सुमारे ६० टक्क्यांना पुढे काहीच उपचार लागले नाहीत. लेसरवाल्यांत असे सुमारे २१ टक्केच निघाले. लेसरनंतरही थेंब लागणारी मी एकटी नाही, हे त्या आकड्यांनी मला दाखवलं. माझा मोतीबिंदू नुकताच सुरू झाला आहे आणि शस्त्रक्रियेचं बोलणं चालू आहे.

९. भावंडांना घेऊन जावं.

लांबीला आखूड डोळा, दूरचं पाहायला अधिकचा नंबर, बाईमाणूस, पन्नाशी उलटलेली आणि रक्ताच्या नात्यात कुणाला तरी हाच त्रास, अशांचे कोन तपासायलाच हवेत. मी धाकट्या बहिणीला घेऊन गेले. तिचे कोन अरुंद निघाले, पण दाब १५ आणि नस निरोगी. लगेच लेसर करायचं का, यावर डॉक्टरांनी दोन्ही बाजू मांडल्या. वेल्लोरच्या अभ्यासात अशा संशयितांपैकी २२ टक्क्यांचे कोन पाच वर्षांत बंद होऊ लागले होते. चीनमधल्या ग्वांगझू इथल्या ८८९ जणांच्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लेसरनं धोका जवळपास निम्मा झाला, पण लेसर न केलेल्या डोळ्यांतही फार थोडे बिघडले. बहीण गावात राहते, तिथून डोळ्यांचा दवाखाना दोन तासांवर. रात्री काही झालं तर गाडी मिळेलच असं नाही. म्हणून तिनं लेसर करून घेतलं. शहरात दवाखान्याशेजारी राहणाऱ्या माझ्या भावाचे कोनही थोडे अरुंदच आहेत. तो लेसर न करता दर वर्षी तपासून घेतो, आणि त्याच्या डॉक्टरांना ते मान्य आहे.