कागद स्कॅन करताना

आमच्याकडे आमच्या आईचा एकच फोटो होता. पोस्टाच्या तिकिटासारखा लहान. रुंदी जेमतेम १ इंच. तालुक्याच्या दुकानात आम्ही तो स्कॅन करून घेतला. दुकानातल्या मुलाने विचारले, "गुरुजी, डीपीआय किती ठेवू?" आम्हांला काय ठाऊक! म्हणालो, "ठेव बाबा तुझ्या मनाने." त्याने १०० ठेवले.

पुढे पावसाळ्यात घर गळले. पेटीतला फोटो भिजून गेला. मग स्कॅनवरून भिंतीवर लावण्याजोगा मोठा फोटो काढायला गेलो. पाहतो तर काय! आईचा चेहरा कुठेच नाही. नुसते चौकोन.

असे का झाले?

स्कॅनर बारीक बारीक ठिपक्यांनी चित्र टिपतो. एका इंचात किती ठिपके, हे डीपीआय सांगते. आमच्या फोटोच्या रुंदीत ठिपके होते १००. तोच १० इंच रुंद केला. मग एका इंचाला उरले १० ठिपके. बी मूठभर आणि शेत एकरभर! जे टिपलेच नाही, ते मागून कसे उगवणार?

चांगल्या छपाईला इंचाला सुमारे ३०० ठिपके लागतात. म्हणून कागद आहे तेवढाच छापायचा, तर ३०० डीपीआय पुरे. १ इंचाचा फोटो ४ इंच करायचा, तर १२०० हवेत. मग सगळेच १२०० वर का करू नये? कारण डीपीआय दुप्पट केले की ठिपके चौपट होतात. फाइल जड होते. पाठवताना अडते.

आता रंगाचे पाहू. 'काळे-पांढरे' ठेवले, तर ठिपका एक तर काळा, नाही तर पांढरा. फिकट शाई आणि पेन्सिल त्यात नाहीशी होऊ शकते. खरेदीखतावर जांभळा शिक्का असतो, निळी सही असते. असा कागद 'रंगीत' ठेवूनच स्कॅन करावा. जुना, पिवळा पडलेला फोटोही रंगीतच करावा. साध्या छापील पानाला करडा रंग, म्हणजे 'ग्रेस्केल', चालतो.

फाइल कोणती मागावी? पुष्कळ पाने असतील तर पीडीएफ. त्यात सारी पाने एकत्र राहतात. फोटोची जेपीजी हलकी असते, पण ती थोडे बारकावे गाळते. मोलाचा फोटो टिफमध्ये ठेवावा. पाठवायला त्याची जेपीजी करावी.

दुकानात एवढे करा. आधी काच पुसायला सांगा. स्कॅन झाल्यावर तिथेच मोठे करून पाहा. शिक्का वाचता येतो का? चेहरा ओळखू येतो का? नसेल तर पुन्हा करून घ्या. फाइल दोन ठिकाणी ठेवा. आणि स्कॅन झाले म्हणून मूळ कागद टाकू नका. ते कोरड्या जागी जपा.

आमची आई आता आमच्या डोळ्यांपुढेच आहे, कागदावर नाही. तुमचे तसे होऊ नये.

सांगा पाहू :
१. १ इंचाचा फोटो २ इंच करायचा आहे. डीपीआय किती ठेवाल?
२. शिक्क्याचा कागद रंगीत का करावा?