दुकानात दोन इंटरनेट लाइनी : ओझे वाटावे कसे?



३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातील ‘फ्लॅग’ आणि ‘सी-मी-वी ४’ या दोन केबल्स निकामी झाल्या. दोन्ही मुंबईपर्यंत येतात. केबल्स दोन, पण वाट एकच. म्हणून आपल्याकडचे इंटरनेट एकदम मंदावले. कंपन्यांनी रहदारी पूर्वेकडच्या केबल्सवर वळवली, तेव्हा काम पुढे सरकले.

हीच चूक मी लालबागच्या माझ्या कापड दुकानात केली. लाइनी दोन कंपन्यांच्या घेतल्या. पण दोन्ही तारा इमारतीच्या एकाच पाइपातून वर येत होत्या. दुरुस्तीत पाइप कापला गेला. ऐन सणाच्या गर्दीत ना पैसे जमा झाल्याचे कळे, ना ई-वे बिल निघे. त्यातून शिकलो ते असे :

१) वाट वेगळी ठेवा. एक लाइन तारेची, दुसरी मोबाइल सिमची. मात्र गणेशोत्सवाच्या गर्दीत लालबागमध्ये मोबाइलचे नेटवर्क तुंबते. त्या दिवसांत भिस्त तारेवरच.

२) दोन लाइनी घेणारा राउटर लावा. त्यात दोन पद्धती असतात : एक बंद पडली की दुसरी सुरू होणे, किंवा दोन्हींवर काम वाटणे. सिमवर डेटा मोजून मिळत असेल तर पहिली पद्धत स्वस्त पडते.

३) वाटणी ताकदीप्रमाणे करा. एक लाइन १०० एमबीपीएसची, दुसरी ५० ची असेल, तर प्रमाण २:१ ठेवा. पण वेग १५० झाला असे समजू नका. गाठी दोन हातगाड्यांवर वाटता येतात; एक गाठ फाडून दोन गाड्यांवर घालत नाहीत. तसेच एक फाइल साधारणपणे एकाच लाइनीने येते.

४) बँकेचे काम एकाच लाइनीला बांधा. मध्येच लाइन बदलली की पत्ता बदलतो आणि बँक बाहेर काढू शकते. पैसे देताना लाइन तुटली, तर आधी खाते पाहा. घाईने दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका.

५) हिरव्या दिव्यावर विसंबू नका. दिवा जळतो, पण पुढे रस्ता बंद असतो. राउटरला बाहेरचा पत्ता तपासायला लावा.

६) वीज विसरू नका. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, तेव्हा राउटरही बंद पडले. छोटा यूपीएस जोडा.

शेवटी, महिन्यातून एकदा दुकान उघडण्याआधी एक तार स्वतःच काढून पाहा. काम चालू राहिले तरच दुसरी लाइन आहे असे समजा. नाहीतर आपण फक्त तिचे बिल भरत आहोत.